घरात राजकारण बोलायचंच, पण भाव माहीत करून

तुम्ही विचारलंय की सासरे एका पक्षाचे, नवरा दुसऱ्या पक्षाचा, युद्धाची बातमी लागली किंवा महागाईचा विषय निघाला की ताटावरच जुंपते, तर घरात राजकारण बोलणंच बंद करावं का.

नाही. अजिबात बंद करू नका. "आपल्याला काय करायचंय, घराची शांती महत्त्वाची" असं तुम्हाला दहा जण सांगतील. हे वाक्य मी लग्न झाल्यापासून ऐकत आले आणि ते नेहमी घरातल्या बायकांनाच ऐकवलं जातं. पुरुष बोलतच असतात. तुम्ही बंद केलंत तर बोलणं बंद होणार नाही, फक्त तुमचं होईल.

आमचं नागपूरला, सक्करदऱ्याला किराणा दुकान आहे. गल्ल्यावर मी बसते. माहेर हिंगणघाटकडचं, भाऊ सोयाबीन आणि कापूस पिकवतो. म्हणजे सोयाबीन विकणारं एक घर माझं आणि सोयाबीनचं तेल विकणारं दुसरं घरही माझंच. महागाईवर बोलायचा हक्क मला कोणी द्यायची गरज नाही.

२०२२ च्या मे महिन्यात पुतणीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होतं, मानेवाडा रोडवरच्या हॉलमध्ये. नागपूरचा मे काय असतो ते सांगत बसत नाही. जेवणं आटोपली आणि पुरुष मंडळी कूलरसमोर खुर्च्या ओढून बसली. विषय रशिया-युक्रेन. माझे भासरे, म्हणजे मोठे दीर, चांगल्या पदावरून निवृत्त झालेले, एका पक्षाचे कट्टर. म्हणाले, "तिकडं युद्ध चालू हाय, सरकार काय करनार? अन् महागाई महागाई कायले करता, शेतकऱ्याची तं चांदी हाय. सोयाबीन क्विंटलले सात हजारावर गेलं." दुसरा पुतण्या विरुद्ध पक्षाचा, नुकताच नोकरीला लागलेला. त्याचं म्हणणं, युद्ध-बिद्ध सगळा बहाणा, व्यापाऱ्यांनी तेल दाबून ठेवलंय आणि सरकार त्यांना सामील आहे.

मी तेव्हा पन्ह्याचा ट्रे घेऊन तिथंच उभी होते. म्हटलं, "दादा, मे महिन्यात सात हजारानं विकायला शेतकऱ्याच्या घरात सोयाबीन राहते कुठं?"

भासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या नवऱ्याला म्हणाले, "तिले म्हन, पन्हं फिरव. हे इंटरनॅशनल विषय हायेत."

ट्रे मी टेबलावर ठेवला आणि एक खुर्ची ओढून बसले. जे बोलले ते सगळं इथं लिहिते, कारण त्या दिवशी अर्ध्यातच मला थांबवलं गेलं.

सोयाबीन निघतं दसरा-दिवाळीच्या मधात. ज्याच्यावर उधारी आहे, ज्याला हरभरा पेरायचा आहे, तो तेव्हाच विकतो. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन दहा हजारावर गेलं होतं. तेव्हाही शेतकऱ्याच्या घरात काही नव्हतं, पीक शेतात उभं होतं. त्याच महिन्यात केंद्राने बारा लाख टन सोयापेंड, म्हणजे तेल काढल्यावर उरलेली ढेप, बाहेरून आणायला परवानगी दिली, ऑक्टोबरमध्ये कच्च्या खाद्यतेलावरची मूळ आयात ड्युटी शून्य केली आणि नवीन माल बाजारात येईपर्यंत भाव निम्म्यावर आला. माझ्या भावाने पाच हजाराच्या आत विकलं, वरून ओलावा आणि काडीकचऱ्याची कटती. डिसेंबरात बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीने सोयाबीनचा वायदाही, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदेही, बंद केले. यातलं एकही पाऊल युद्धामुळे उचललेलं नाही, कारण युद्ध सुरू झालं २४ फेब्रुवारी २०२२ ला. "सरकार काय करणार?" असं विचारणाऱ्याला मी हेच सांगितलं: सरकारने बरंच काही केलं होतं, युद्धाच्या आधीच, आणि ते तुमच्या-माझ्या फोडणीसाठी केलं होतं. त्याची किंमत शेतकऱ्याने दिली.

इथपर्यंत पुतण्या टाळ्या देत होता. मग मी त्याच्याकडे वळले. आपण खातो त्यातलं निम्म्याहून जास्त तेल बाहेरून येतं. सूर्यफुलाचं बहुतेक सगळं युक्रेन आणि रशियातून यायचं. ती बंदरं अडकली. त्यात इंडोनेशियाने २८ एप्रिलला पामतेलाची निर्यात थांबवली. ती बंदी महिनाभरही टिकली नाही, पण तेवढ्यात ठोक बाजारात भाव सांगायलाच कोणी तयार नव्हतं. सकाळी फोन केला तर एक, दुपारी दुसरा. सूर्यफुलाचं पाकीट दोनशेला टेकलं. दरवेळी पंधरा किलोचा डबा नेणारी गिऱ्हाइकं अर्धा लिटरचं पाकीट मागू लागली आणि मागताना आवाज खाली करू लागली. आणि साठेबाजीचं म्हणशील तर तेव्हा साठ्याची मर्यादा लागूच होती, किरकोळ दुकानदाराला ३० क्विंटल खाद्यतेल. आमच्या दुकानात एवढं तेल कधीच नसतं. मोठ्या गोदामांत काय होतं ते मी पाहिलेलं नाही, म्हणून त्याबद्दल मी बोलत नाही. तूही पाहिलेलं नाहीस.

पुतण्या गप्प झाला. भासरे उठून हात धुवायला गेले. नंतर घरी नवऱ्याला निरोप आला की चारचौघांत मोठ्या माणसाला उलट बोलणं शोभलं नाही. आकडा चुकला असं कोणीच म्हणालं नाही. आजपर्यंत म्हटलेलं नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. तुमच्या सासऱ्यांचं आणि नवऱ्याचं भांडण पक्षावरून आहे असं तुम्हाला वाटतं. मला तसं वाटत नाही. बहुतेक घरांत दोघेही आपापल्या पक्षाकडून तयार वाक्यं घेऊन येतात, म्हणून आवाज चढतो. वस्तूच्या भावावर बोलणं आलं की आवाज खाली येतो, कारण तिथं खरं माहीत असावं लागतं. तुम्ही फक्त एवढं विचारा: हे तुम्ही कितीला घेतलं? कितीला विकलं? कोणत्या महिन्यात? पगारदार माणूस विकत काहीच नाही, फक्त घेतो. त्याला सगळं स्वस्त हवं असतं आणि तो त्यालाच अर्थव्यवस्था म्हणतो. माझं हे मत कडक वाटेल, पण गल्ल्यावर बसून मी ते रोज बघते.

२०२४ ची विधानसभा आठवा. सप्टेंबरमध्ये कच्च्या खाद्यतेलावरची मूळ आयात ड्युटी शून्यावरून थेट वीस टक्के केली. सणाच्या तोंडावर तेल महागलं. ज्यांना २०२२ मध्ये तेल महाग होण्यात सरकारचा काही हात दिसत नव्हता, ते आता म्हणू लागले की बघा, सरकारने शेतकऱ्यासाठी ड्युटी वाढवली. आणि जे तेलाच्या भावावरून ओरडत होते, ते सोयाबीनच्या भावावरून ओरडू लागले. हमीभाव ४,८९२ होता आणि बाजारात चार हजार, बेचाळीसशे. दोन्ही बाजूंनी सहा हजार, सात हजार अशी आश्वासनं दिली. मतदान २० नोव्हेंबरला आणि सरकारी खरेदीतली ओलाव्याची अट बारा टक्क्यांवरून पंधरा झाली ती त्याच्या चार-पाच दिवस आधी. माझ्या भावाने तोवर अर्धा माल विकून टाकला होता.

तेल महागलं तरी सोयाबीन का वाढलं नाही, हे दोन्ही पक्षांच्या माणसांना मी विचारलं. कोणाला सांगता आलं नाही. सोयाबीनमध्ये तेल असतं अठरा टक्क्यांच्या आसपास. बाकी निघते ती ढेप, आणि ढेप जाते कोंबडीच्या खाद्याला. ढेपेला उठाव नसेल तर नुसत्या तेलाच्या जोरावर सोयाबीन चढत नाही. त्या वर्षी मक्यापासून इथेनॉल जोरात सुरू झालं होतं, त्यातून उरलेला चोथा खाद्यवाल्यांना स्वस्तात मिळू लागला आणि ढेप पडली. इथेनॉलबद्दल आमच्या शहरात मोठ्या अभिमानाने बोललं जातं, मलाही ते वाईट वाटत नाही. पण मक्याच्या शेतकऱ्याचं भलं सोयाबीनवाल्याच्या खिशातून झालं, हे बोलायला कोणताच पक्ष तयार नाही. हे घरातच बोलावं लागतं. २०२५ च्या मे अखेरीस ती ड्युटी वीसवरून दहावर आणली, म्हणजे पुन्हा खाणाऱ्याची बाजू.

युद्धाबद्दल मात्र माझा वेगळा नियम आहे. नागपूरला वायुसेनेची मोठी वसाहत आहे, अंबाझरीला आयुध निर्माणी आहे, कामठीला लष्कराच्या गार्ड्स रेजिमेंटचं केंद्र आहे. इथं सैन्यातलं माणूस नात्यात नाही असं घर शोधावं लागेल. २०२५ च्या मे महिन्यात सीमेवर तणाव होता तेव्हा दुकानात लोक मोठमोठ्याने बोलत होते, एकदाचं होऊन जाऊ द्या म्हणून. आमच्या एका नेहमीच्या ताईंचा मुलगा तेव्हा जम्मूकडे होता. त्या साखर, चहापत्ती पिशवीत भरत होत्या, हिशेबाचे सुटे पैसे दोनदा मोजले आणि तरी एक नोट जास्त देऊन गेल्या. मी त्या बोलणाऱ्यांना सांगितलं की इथं सामान घ्यायचं आणि जायचं. घरातही युद्धावर पहिला शब्द ज्याचं माणूस तिथं आहे त्याचा असावा. तो नसेल तर टीव्हीवरचे नकाशे बघून जिंकलो-हरलो करू नये.

एक राहिलंच. हे सगळं शुद्धीत असलेल्या माणसांसाठी आहे. रात्री कोणी पिऊन बसलं असेल, किंवा तुमच्या नवऱ्याचा हात उठत असेल, तर भाव आणि हमीभाव काढू नका, तिथून उठा. सासऱ्यांना हृदयाचा त्रास असेल तर जेवताना नको, सकाळी चहाला बोला. आणि तुम्ही नोकरी करत असाल, नसाल, शिकल्या असाल, नसाल, कोणी "वाढा तुम्ही" म्हटलं तर भांडं खाली ठेवून आधी वाक्य पुरं करा.

माझे भासरे अजूनही माझ्या नवऱ्यालाच फोन करतात. परवाही केला होता, सोयाबीन साठवावं की विकावं विचारायला. त्यांनी आता उमरेडकडे शेत घेतलंय. नवऱ्याने फोन माझ्याकडे दिला.