एफएमजीईत दोनदा थोडक्यात हुकलं, आता जीटी किती आणि कशा द्यायच्या?

तुम्ही लिहिलंय की परदेशातून मेडिकल करून आलात, एफएमजीईत (परदेशात शिकलेल्या डॉक्टरांना भारतात द्यावी लागणारी ३०० प्रश्नांची परीक्षा, पास व्हायला १५०) पहिल्यांदा १२९ आणि दुसऱ्यांदा १४३ पडले. लेक्चर्स दोनदा बघून झालीत, परीक्षेला दहा आठवडे उरलेत आणि जीटी, म्हणजे पूर्ण पेपरची सराव परीक्षा, दिली की गाडी १४०च्या आसपासच अडकते. मग तिसऱ्यांदा लेक्चर्स लावायची की रोज जीटी देत सुटायचं?

दोन्ही नको. मी किर्गिझस्तानातल्या बिश्केकहून शिकून आले. पहिल्या अटेम्प्टला १३१, दुसऱ्याला १४७. तीन मार्कांनी गेलं तेव्हा आमच्या घरात दोन दिवस कोणी टीव्हीसुद्धा लावला नव्हता, त्यामुळे तुमची अवस्था मला कळते. तिसऱ्या वेळी १७२ आले आणि आता एका जिल्हा रुग्णालयात इंटर्नशिप करते आहे. मधल्या काळात मी नवीन असं फार थोडं वाचलं. बदलली ती जीटी देण्याची आणि त्याहून जास्त जीटी तपासण्याची पद्धत.

दुसऱ्या अटेम्प्टआधी मी बावीस जीटी दिल्या होत्या. टेस्ट संपली की स्कोअर बघायचा, चुकलेल्यांची स्पष्टीकरणं वरवर वाचायची, ‘हे तर येत होतं मला’ म्हणायचं आणि पुढची लावायची. या ‘येत होतं मला’नेच माझे सहा महिने खाल्ले.

एक प्रश्न अजून डोळ्यांसमोर आहे. दीड वर्षाचं मूल, दोन दिवस पाण्यासारखे जुलाब. चिडचिड करतंय, डोळे खोल गेलेत, पाणी दिलं की अधाशासारखं पितंय, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळू मागे जाते. काय कराल? मी प्लॅन सी, म्हणजे शरीरातलं पाणी फारच कमी झालं असेल तेव्हा द्यायचं शिरेतून सलाईन, टिक केलं. बरोबर उत्तर प्लॅन बी: वजनाच्या किलोमागे ७५ मिली ओआरएस, चार तासांत. कोणत्या लक्षणांना कोणता प्लॅन, तो तक्ता मला तोंडपाठ होता! पण कातडी ‘हळू’ जाते आणि ‘खूप हळू’ जाते यात फरक आहे, आणि अधाशीपणे पिणारं मूल हे सुस्त पडलेलं मूल नव्हे, हे मी वाचताना गिळून टाकलं. असल्या चुकीवर तिसऱ्यांदा पीडियाट्रिक्सचं लेक्चर बघून काहीही होणार नाही.

म्हणून मी एक दोनशे पानी वही घेतली. प्रत्येक चुकलेल्या प्रश्नापुढे विषय आणि चुकण्याचं कारण. कारणं चारच: माहीतच नव्हतं, वाचलं होतं पण आठवलं नाही, प्रश्न नीट वाचला नाही, दोन ऑप्शनांत अडकून चुकीचं निवडलं. १४२ पडलेल्या एका जीटीचा हिशोब सांगते. चुकलेले १५८. त्यांत माहीतच नव्हते ६१, आठवले नाहीत ४४, नीट वाचले नाहीत २२, दोनांत अडकले ३१. पास व्हायला मला आठ मार्क हवे होते आणि शेवटच्या दोन रकान्यांत ५३ पडून होते. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की हे आपल्याच्याने होईल.

तुक्क्याने बरोबर आलेले प्रश्नही वहीत घ्या. जीटी देतानाच कच्च्या कागदावर त्यांचे नंबर लिहीत चला, नंतर मन कबूल करत नाही. एका जीटीला पाच तास लागतात. तपासायला मला पुढचे दोन दिवस लागायचे, आणि ते वाया गेले असं कधीच वाटलं नाही.

‘आठवलं नाही’वाल्या रकान्याला पुन्हा वाचणं हा उपाय नाही. रोडिगर आणि कारपिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला होता. काहींनी उतारा दोनदा वाचला, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर दोनदा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के आठवत होतं, वाचणाऱ्यांना ४२. आपली परीक्षा पाच मिनिटांनी नसते. म्हणून स्पष्टीकरण वाचलं की वही झाका, कोऱ्या कागदावर तक्ता काढा, आणि तोच विषय तीन-चार दिवसांनी क्यूबँकमधून, म्हणजे सरावाच्या प्रश्नसंचातून, परत सोडवा.

दोन ऑप्शनांत अडकलात तर बरोबर का बरोबर यापेक्षा तुम्ही निवडलेलं का चूक, हे एका ओळीत लिहा. आधी टिक केलेलं उत्तर शेवटी बदलता का, तेही मोजा. माझी बदललेली उत्तरं बहुतेक चुकायची, म्हणून मी बदलणं थांबवलं. तुमचं उलटही असू शकेल. ऐकीव नियम लावू नका, स्वतःचा आकडा काढा.

आता विषयांचं. मेडिसिनला ३३ आणि सर्जरीला ३२ मार्क म्हणून सगळे तिकडेच धावतात. पण पीएसएम (सामाजिक आरोग्य) ३० आहे, ओबीजी (स्त्रीरोग आणि प्रसूती) ३०, ऑप्थल (डोळे) आणि ईएनटी (कान-नाक-घसा) १५-१५, फॉरेन्सिक (न्यायवैद्यक) १०. मला फॉरेन्सिकमध्ये दहापैकी तीन पडायचे, कारण ते मी शेवटच्या दिवसावर ढकलायचे. चार दिवस नीट दिले आणि आठ यायला लागले. मेडिसिनमध्ये तेच पाच मार्क वाढवायला महिना गेला असता. दर जीटीनंतर विषयवार आकडे काढा, तुमचं फॉरेन्सिक तुम्हाला सापडेल.

एकही प्रश्न रिकामा सोडू नका, घरच्या जीटीतही नाही. निगेटिव्ह मार्किंग नाही. समजा १२० प्रश्न खरोखर पक्के आहेत. उरलेल्या १८०मध्ये डोळे झाकून टिक केलं तरी चारात एक या हिशोबाने ४५च्या आसपास मिळतात, आणि प्रत्येकात एक ऑप्शन खात्रीने कापता आला तर ६०. पासिंग १५० आहे, हे लक्षात ठेवा.

जीटी खऱ्या परीक्षेसारखीच द्या: सकाळी १५० प्रश्न अडीच तासांत, जेवण, दुपारी पुन्हा १५० अडीच तासांत. मी आधी दोन भाग दोन दिवसांत द्यायचे. एका दिवसात द्यायला लागले तेव्हा कळलं की दुपारी माझे दहा-बारा मार्क कमी येतात. पोटभर भाकरी-आमटी जेवून बसायचे, झोप यायची! परीक्षेच्या दिवशी केळी आणि दहीभातच खाल्ला. शिवाय आता प्रत्येक भागात ५०-५० प्रश्नांचे तीन सेक्शन असतात, प्रत्येकाला ५० मिनिटं, आणि वेळ संपली की मागच्या सेक्शनमध्ये जाता येत नाही. ‘शेवटी येऊन बघू’ ही सवय त्यामुळे अंगाशी येते. परीक्षेचं बुलेटिन एकदा स्वतः वाचा आणि तसाच टायमर लावा.

जुन्या पेपरांबद्दलही विचारलंय. परीक्षा घेणारं बोर्ड पेपर प्रसिद्ध करत नाही. फिरतात ते मुलांनी आठवून लिहिलेले रिकॉल प्रश्न. कोणत्या टॉपिकवर विचारतात हे कळायला ते उपयोगी आहेत, पण प्रश्न अर्धवट असतात आणि उत्तरंही चुकीची असतात. पुस्तकात ताडून बघितल्याशिवाय पाठ करू नका. टेलिग्रामवर ‘लीक पेपर’ विकणाऱ्यांना एक रुपयाही देऊ नका. आईवडिलांनी आधीच कर्ज काढून शिकवलंय.

किती द्यायच्या? दहा आठवड्यांत आठ पुरतात. पहिल्या महिन्यात दोन, मधल्या दिवसांत पडलेले विषय आणि रोज पन्नास-साठ क्यूबँक प्रश्न, विषय मिसळून. नंतरचे पाच आठवडे दर रविवारी एक. शेवटची परीक्षेच्या आठ दिवस आधी, आणि त्यानंतर फक्त वही. शेवटच्या जीटीत १४५ पडले तरी घाबरू नका, काही जीटी खऱ्या पेपरपेक्षा अवघड काढलेल्या असतात.

मागच्या महिन्यात वॉर्डात जुलाबाचं एक बाळ आलं होतं. चिडचिडं, तहानलेलं. मी चिमटी सोडून कातडीकडे बघत राहिले, हळू गेली, खूप हळू नाही. सरांना प्लॅन बी सांगितला, त्यांनी मान हलवली. आई चार तास चमच्याने ओआरएस पाजत बसली होती, संध्याकाळपर्यंत बाळ खेळायला लागलं.

पहिली जीटी या रविवारी द्या. झाली की एकूण मार्क नकोत, चार रकान्यांचे आकडे इथे लिहा. मी बघून सांगते कुठून सुरुवात करायची ते.