जॅझ सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्स ऐन प्रसिद्धीत असताना पुलावर जाऊन सॅक्सोफोन का वाजवत असे?

स्वतःच्या वादनावर त्याचं समाधान नव्हतं म्हणून. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात १९३० साली जन्मलेल्या रोलिन्सचा 'सॅक्सोफोन कोलोसस' हा अल्बम १९५६ साली ध्वनिमुद्रित झाला आणि त्याचं मोठं नाव झालं. पण कौतुक जितकं होतंय तितकं आपल्याला येत नाही, असं त्याला वाटे. १९५९ साली त्याने कार्यक्रम सरळ बंद केले. घरात रियाज केला तर शेजाऱ्यांना त्रास, शिवाय शेजारची बाई गरोदर. म्हणून तो न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलाच्या पादचारी मार्गावर जाऊ लागला. खाली नदी, बाजूने आगगाड्या, आणि हा तासन्‌तास वाजवतोय, कडाक्याच्या थंडीतसुद्धा! दोनेक वर्षं हे चाललं. मग १९६२ साली गिटारवादक जिम हॉलला सोबत घेऊन त्याने 'द ब्रिज' हा अल्बम काढला. आपल्याकडच्या गवयांची साधना माहीत असणाऱ्याला हे वेड लगेच कळेल.

साठच्या दशकाच्या अखेरीस त्याने पुन्हा वाजवणं थांबवलं, आणि तेव्हा तो मुंबईत पवईच्या आश्रमात योग आणि वेदान्त शिकायला राहिला होता. १९७२ पासून परत ध्वनिमुद्रण सुरू. पुढे फुफ्फुसांच्या आजारामुळे त्याला वाद्य कायमचं खाली ठेवावं लागलं.

ऐकायची सुरुवात त्याच्या 'सेंट थॉमस' या रचनेपासून करा. आईकडून लहानपणी ऐकलेली कॅरिबियन चाल आहे त्यात.