गुलाम, दास आणि पोऱ्या

मॉरिशसच्या एका मराठी वाचकाचा प्रश्न आहे. १ फेब्रुवारीला, म्हणजे तिथली गुलामगिरी संपल्याच्या दिवशी, क्रिओल (आफ्रिकेकडून आणलेल्या गुलामांचे वंशज; त्यांची भाषाही क्रिओलच), तमिळ, तेलुगू शेजाऱ्यांबरोबर कार्यक्रम आहे. मराठी फलकावर 'दास्यविमोचन दिन' लिहावं की 'गुलामगिरी मुक्ती दिन'? 'गुलाम' अरबी, म्हणून काहींना तो नकोय.

'दास्य' अजिबात नको. मराठीत दास हे मिरवायचं बिरुद आहे: रामदास, दासबोध, दासनवमी. मादागास्कर-मोझांबिकहून जहाजात कोंबून आणलेल्या, विकल्या गेलेल्या माणसाचे भोग त्या शब्दात मावत नाहीत. जोतीरावांनी १८७३ साली पुस्तकाला 'गुलामगिरी' हेच नाव दिलं आणि ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केलं. त्यांना 'दास्य' शब्द माहीत नव्हता, असं शुद्धिवाद्यांना वाटतं काय?

आणि 'गुलाम'चं मूळ तर बघा! अरबीत गुलाम म्हणजे पोरगा. ग्रीक 'पाइस', लॅटिन 'पुएर' हेही पोरगा आणि गुलाम, दोन्ही अर्थांचे. आपल्याकडे हॉटेलात फडकं मारणारा चाळिशीचा बाप्या 'पोऱ्या'च असतो. पत्त्यातला गुलाम घ्या. इंग्रजीत त्याचं जुनं नाव 'नेव्ह', म्हणजे मुळात पोरगाच. जर्मन 'क्नाबे' त्याचा सख्खा भाऊ. ज्याला राबवायचं त्याला मोठा माणूस मानायचंच नाही, ही खोड सगळ्या भाषांना आहे. नातवाला आजी 'लबाड गुलाम' म्हणते, त्याला लोक लाक्षणिक अर्थ ठरवून मोकळे होतात. माझं ठाम मत असं की तिथे मूळचा 'पोरगा'च टिकून राहिलाय.

मॉरिशसमध्येही तेच झालं. १८३५ ला सुटका झाली ती कागदावर. 'शिकाऊ' ठरवून त्याच लोकांना १८३९ पर्यंत जुन्याच मालकांकडे राबवलं. जन्मभर ऊस तोडलेला माणूस म्हणे शिकाऊ!

भाषणांत 'आपले पूर्वजही गुलामच होते' हे पालुपद मात्र आता पुरे. मुंबई बंदरातून गेलेले आपले लोक गिरमिटिये, ॲग्रीमेंटवर अंगठा उठवून गेलेले. फसवणूक झाली, अतोनात हाल झाले, पण त्यांची पोरंबाळं मालकाची मालमत्ता नव्हती. त्यांच्या आगमनाचा दिवस वेगळा, २ नोव्हेंबर. १ फेब्रुवारी मळ्यांत राबलेल्या आणि तिथून पळून ले मोर्नच्या डोंगरात लपलेल्या गुलामांच्या वंशजांचा आहे, तेव्हा फलकावर पहिली ओळ क्रिओलमध्ये हवी. तिच्याखाली मराठीत 'गुलामगिरी मुक्ती दिन'.