भूकंप सांगता येत नाही, मग शिकायचं काय?

‘बारावीतली मुलगी म्हणते, कुठल्या प्रदेशात भूकंप, पूर, दरडींची शक्यता किती, हे काढण्याचं काम करायचंय. भूकंपाचं भाकीत तर कुणालाच जमत नाही. मग हे शास्त्र की ज्योतिष?’ असं तुम्ही विचारलंय.

भाकीत जमत नाही हे खरंच. तारीख-वार सांगणाऱ्याला या क्षेत्रात कुणी दारात उभं करत नाही. इथे शक्यता काढतात. उदाहरणार्थ, बऱ्याच देशांत साध्या इमारतींचा आराखडा करताना असा हादरा गृहीत धरतात, जो ५० वर्षांत ओलांडला जाण्याची शक्यता १० टक्के असते. म्हणजे सरासरी ४७५ वर्षांतून एकदाचा. आता भूकंपमापकांच्या नोंदी जेमतेम सव्वाशे-दीडशे वर्षांच्या. मग ४७५ आणायचे कुठून? लहान भूकंप मोजून मोठ्यांचा अंदाज बांधतात, कारण रिश्टरचा आकडा एकाने वाढला की भूकंपांची संख्या साधारण दहापट घटते. त्याहून मागचं जमीन उकरून बघावं लागतं. जपानमध्ये सेंदाईच्या मैदानात भातखाचरांखाली वाळूचा थर सापडला, इसवी सन ८६९ च्या त्सुनामीने आत आणून टाकलेला. संशोधकांनी तो २०११ च्या आधीच अभ्यासला होता. २०११ मध्ये समुद्र पुन्हा त्याच मैदानात शिरला.

पदवी भूविज्ञान, भूगोल, भौतिकशास्त्र, स्थापत्य कशातलीही चालेल. जीआयएस (संगणकावर नकाशांतली माहिती मांडायचं तंत्र) आणि प्रोग्रॅमिंग हाताखालून गेलं की येतं. संख्याशास्त्राला मात्र सुटका नाही. तिथे कंटाळा असेल तर हा नाद सोडलेला बरा. नोकऱ्या विमा आणि पुनर्विमा (विमा कंपन्यांचाच विमा उतरवणाऱ्या) कंपन्यांत, धरणं-अणुभट्ट्यांच्या जागा तपासणाऱ्या सल्लागारांकडे, सर्वेक्षण खात्यांत. काम बाहेरून वाटतं तेवढं थरारक नाही. एकच पूर दोन नोंदींत दोन तारखांनी सापडतो, आणि खरी कुठली हे ठरवण्यात आठवडा जातो. शिवाय आपला आकडा बरोबर होता की नाही, हे हयातीत कळेलच असं नाही. काहींना हे फार टोचतं.

तिला एक गणित घाला. नदीचा ‘शंभर वर्षांतला पूर’ म्हणजे दरवर्षी १ टक्का शक्यता. काठावरच्या घरात ३० वर्षं राहिलं, तर तो पूर निदान एकदा येण्याची शक्यता किती? ३० टक्के म्हणाली तर रागावू नका, पहिल्यांदा बहुतेक जण तेच म्हणतात. उत्तर सुमारे २६ आहे. ते कसं, हे शोधायला ती आपणहून वही घेऊन बसली, तर मला पुन्हा लिहा. मग कॉलेजांचं बोलू.