ताज्या नमुन्यात सीझियम दिसलं तर थांब

युरेनियम-२३५ वर औष्णिक (मंद) न्यूट्रॉनचा मारा करून काढलेल्या ताज्या नमुन्याच्या गॅमा वर्णपटात ६५८ केईव्हीला (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट, किरणांच्या ऊर्जेचं एकक) शिखर दिसलं, की सीझियम-१३७ लिहून मोकळा होऊ नकोस. सीझियमची रेषा ६६२ ला, आणि अर्धायुष्य ३० वर्षांचं असल्याने सुरुवातीला ती अगदी फिकी. ते बहुधा नायोबियम-९७ असतं, १७ तास अर्धायुष्याच्या झिर्कोनियम-९७ पासून बनणारं. तोच नमुना उद्या, आठवड्याने, महिन्याने पुन्हा मोज. क्षयाचा वेगच खरी ओळख पटवतो.

बेरियम-१४० मोजायला मी त्याच्या क्षयातून बनणाऱ्या लॅन्थॅनम-१४० ची १५९६ ची रेषा पसंत करतो. मात्र दोघांचा समतोल (क्षयदरांचं प्रमाण स्थिर होणं) यायला दहा-बारा दिवस थांबावंच लागतं. डिटेक्टरची कार्यक्षमताही नमुन्याच्याच आकाराच्या प्रमाणित स्रोताने, त्याच अंतरावर काढ.