शिवाजी पार्कवर तू विचारलेलं

सोन्या,

मुंबईहून येऊन तीन आठवडे झाले तरी तुझा तो प्रश्न डोक्यातून जात नाहीये. आपण शिवाजी पार्कला आचरेकर सरांचं स्मारक बघत होतो, तेवढ्यात एक काका आले, चपला बाजूला काढल्या, वाकून नमस्कार केला आणि बॅग उचलून चालायला लागले. तू म्हणालास, आई, तो तर फक्त कोच होता ना, इंडियाकडून एकदा पण नाही खेळला, मग देवाला करतात तसा नमस्कार का? आजोबा घाई करत होते म्हणून मी काहीतरी थातुरमातुर सांगितलं. आता नीट लिहिते.

पहिलं म्हणजे 'तो' नाही रे बाळा, 'ते'. इथे तू तुझ्या कोचला नावाने हाक मारतोस, त्यांना ते आवडतं, त्यात काही चूक नाही. पण आपल्याकडे शिकवणाऱ्या माणसाला अहो-जाहोच, आणि बऱ्याचदा नाव पण नाही, नुसतं सर.

आचरेकर सर मूळचे मालवणचे, जन्म १९३२ चा. नोकरी स्टेट बँकेत आणि स्वतःच्या नावावर फर्स्ट क्लास मॅच फक्त एक. पण शारदाश्रम शाळेच्या आणि शिवाजी पार्कच्या नेट्समधून त्यांनी सचिन, कांबळी, प्रवीण अमरे, चंद्रकांत पंडित, आगरकर असे किती खेळाडू घडवले बघ. १९९० ला द्रोणाचार्य, २०१० ला पद्मश्री. सचिन थकला की सर स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे, जो आउट करेल त्याचं, नाहीतर सचिनचं. अशी तेरा नाणी सचिनने अजून जपून ठेवलीत. आणि सर त्याला स्कूटरवर मागे बसवून एका ग्राउंडवरून दुसऱ्या ग्राउंडवर न्यायचे, अर्धा दिवस शिवाजी पार्क, अर्धा दिवस आझाद मैदान, मॅच प्रॅक्टिस मिळावी म्हणून. पण २९ वर्षांत एकदा पण 'वेल प्लेड' म्हणाले नाहीत, हे सचिनने २०१३ ला वानखेडेवर निरोप घेताना सगळ्यांसमोर सांगितलं. तुला हे कठोर वाटेल कारण तुला प्रत्येक कॅचला गुड जॉब ऐकायची सवय आहे. मला विचारशील तर ती स्कूटर हीच शाबासकी होती.

जानेवारी २०१९ मध्ये सर गेले तेव्हा शिवाजी पार्कवर छोटी छोटी पोरं पांढऱ्या कपड्यात दोन्ही बाजूंनी बॅटी उंच धरून उभी होती आणि मधून सरांना नेलं, सचिनने खांदा दिला. मी इथे किचनमध्ये फोनवर ते बघत होते आणि मला माझे सर आठवत होते.

माझे म्हणजे शाळेतले पीटीचे सर, आम्हा मुलींना खो-खो शिकवायचे. त्यांच्यावर कोणी कधी बातमी नाही छापली. रविवारी सकाळी सहाला आम्ही पोचायचो तर सर ओणवे होऊन फक्कीने रेषा मारत असायचे, कोपरापर्यंत हात पांढरे. सातवीत आजीने माझा खेळ बंद केला, मुलगी अंधारात येते म्हणून. सर घरी आले, चहा घेतला, म्हणाले आजी, मी स्वतः दारात आणून सोडतो. आणि दोन वर्षं खरंच सोडलं, चार मुली एकेक करून, माझं घर शेवटचं, मग ते परत मागे चालत स्टेशनला जायचे. त्यांना स्वतःची दोन लहान मुलं होती, हे मला त्या वयात कधी सुचलंच नाही.

म्हणून वाकतो रे आपण. सर किती खेळले ते कोण मोजतंय, त्यांनी स्वतःच्या घरचा वेळ दुसऱ्यांच्या पोरांना दिला, तो परत करता येत नाही.

शनिवारी रात्री जेवण झालं की मी सरांना फोन लावणार आहे, तिकडे रविवारची सकाळ असेल. तू पण बोल. जरा मोठ्याने बोल, त्यांना हल्ली कमी ऐकू येतं.

तुझी आई