जावा ८ चं अपडेट पहिल्यांदाच टाकताय?

बिनधास्त टाका. जावा ८ ही आवृत्ती २०१४ ची असली, तरी त्याची सुरक्षा अपडेट्स अजून दर तिमाहीला येतात. ती टाळू नका.

- जुनं जेडीके (जावा प्रोग्राम बनवायचा आणि चालवायचा संच) लगेच काढू नका, नवं शेजारच्या फोल्डरमध्ये ठेवा.
- 'जावा होम' (जेडीके कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते सांगणारं सेटिंग) आणि पाथ (कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी) दोन्ही बदला. बहुतेक नवखे इथेच अडकतात: नवं बसवलं, तरी टर्मिनल जुनीच आवृत्ती दाखवतं, कारण पाथमध्ये जुना फोल्डर आधी येतो. नवं टर्मिनल उघडून तपासा. एक्लिप्स या कोड लिहायच्या प्रोग्राममधली जेडीकेची नोंद वेगळी असते, तीही बघा.
- स्वतः घातलेली सर्टिफिकेट्स (सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या फाइल्स) नव्या जेडीकेत आपोआप येत नाहीत.

८यू२९१ (जावा ८ चं २९१ क्रमांकाचं अपडेट) पासून टीएलएस (नेटवर्कवरची जोडणी सुरक्षित ठेवणारी पद्धत) १.० आणि १.१ या जुन्या आवृत्त्या मुळातच बंद असतात. जुन्या सर्व्हरशी जोडणी तुटली, तर आधी हेच तपासा. गार्बेज कलेक्टरच्या (न लागणारी मेमरी मोकळी करणाऱ्या भागाच्या) सेटिंग्जना सध्या हात लावू नका.